हिरा, दिवा आणि कोन

सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरात उतरून गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या खाणींकडे निघालेल्या व्यापाऱ्याची एक वाट आजच्या नंदुरबार जिल्ह्यातून जात होती. जाँ-बाप्तिस्त टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने ती पायाखाली घातली होती. १६७६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात सुरत ते गोवळकोंडा या वाटेवरच्या मुक्कामांत नवापूर आहे. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणाऱ्या वाटेवरही नवापूर आहे आणि त्याच्या पुढचे ठाणे म्हणजे आजचे नंदुरबार. नवापूर हे विणकरांचे मोठे गाव असून तिथला मुख्य व्यापार भाताचा आहे, असे तो लिहितो. इथला तांदूळ दाण्याने बारीक, शिजल्यावर बर्फासारखा शुभ्र आणि कस्तुरीसारखा सुगंधी असल्याची नोंदही तो आवर्जून करतो. भातासाठी नवापूर तालुक्याचे नाव आजही घेतले जाते.

नवापूरच्या तांदळाइतक्याच बारकाईने टॅव्हर्निएने हिंदी जवाहिरे हिरा कसा पारखतात हेही पाहिले. युरोपात कच्चा हिरा दिवसाच्या उजेडात पाहतात, हिंदुस्थानात मात्र रात्री, असे तो सांगतो. भिंतीत फूटभर लांबीरुंदीचा कोनाडा करायचा, त्यात जाड वातीचा दिवा ठेवायचा, हिरा दोन बोटांत धरून त्या दिव्यापुढे फिरवायचा आणि त्याचे पाणी व स्वच्छता ठरवायची. हिऱ्यात निळसर झाक असेल तर ती ओळखण्यासाठी दुसरी युक्ती होती : खडा घेऊन दाट पानांच्या झाडाखाली जायचे. त्या हिरव्या सावलीत निळी झाक लपत नाही.

एकच खडा, पण एक परीक्षा दिव्यासमोर आणि दुसरी झाडाखाली. हिऱ्याचे जे रूप डोळ्यांना दिसते ते खडा, त्यावर पडणारा उजेड आणि पाहणारा डोळा या तिघांचे मिळून असते, ही गोष्ट त्या पारख्यांनी अनुभवाने जाणली होती. हिऱ्याला स्वतःचा प्रकाश नसतो. पूर्ण अंधाऱ्या खोलीत कोट्यवधींचा हिरा आणि नदीकाठचा गोटा सारखेच अदृश्य असतात. हिरा एवढेच करतो की त्याच्यावर पडलेला प्रकाश आत घेतो, त्याला वळवतो, त्याचे रंग वेगळे करतो आणि तो पुन्हा आपल्याकडे पाठवतो. हे काम तो किती चांगले करील हे दोन गोष्टींवर ठरते. एक त्याची घडण आणि दुसरी समोरचा दिवा.

चांदी पृष्ठभागावर चमकते, हिरा आतून

अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी किंवा सातपुड्यातला कुठलाही भोंगऱ्या बाजार पाहिला, तर भिल्ल आणि पावरा स्त्रियांच्या अंगावर चांदीचे भरगच्च दागिने दिसतात. घासून लख्ख केलेली चांदी तिच्यावर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश पृष्ठभागावरूनच परत फेकते. तिच्या आत प्रकाश शिरत नाही. म्हणून चांदीची चमक झिलईवर अवलंबून असते. ती काळी पडली की चमक गेली, घासली की परत आली.

हिऱ्याचे तसे नाही. हिऱ्यावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १७ टक्केच प्रकाश पृष्ठभागावरून परततो. साध्या काचेच्या बाबतीत हे प्रमाण जेमतेम ४ टक्के असते, तेव्हा १७ टक्केही पुष्कळच. हिऱ्याला काचेपेक्षा वेगळी, कडक झळाळी असते ती यामुळे. पण उरलेला ८३ टक्के प्रकाश हिऱ्याच्या आत जातो. तो परत आला तर हिरा जिवंत दिसतो आणि तळातून निसटला तर खडा मंद, काचेसारखा दिसतो. पैलू पाडणाऱ्याचे सगळे कौशल्य या आत गेलेल्या प्रकाशाला वाट दाखवण्यात असते.

आत गेल्यावर प्रकाशाचा वेग घटतो. निर्वात पोकळीत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश हिऱ्यात सुमारे १ लाख २४ हजार किलोमीटरवर येतो. हे गुणोत्तर म्हणजे हिऱ्याचा अपवर्तनांक : २.४१७. साध्या काचेचा तो १.५२ च्या आसपास आणि पाण्याचा १.३३ असतो. अपवर्तनांक जितका मोठा, तितके प्रकाशाला त्या पदार्थातून बाहेर पडणे कठीण. हिऱ्याच्या आतून पृष्ठभागाकडे येणारा किरण लंबाशी २४.४ अंशांपेक्षा मोठा कोन करत असेल, तर तो बाहेर पडूच शकत नाही. सगळाच्या सगळा आत परावर्तित होतो. काचेसाठी ही मर्यादा सुमारे ४१ अंश आहे. म्हणजे काचेतून प्रकाशाला निसटायला दार बरेच मोठे असते, हिऱ्यात ते अरुंद. प्रकाश कोंडून ठेवण्याची ही ताकद निसर्गाने दिली. तिचा उपयोग करून घ्यायला माणसाला कित्येक शतके लागली.

एका किरणाचा प्रवास

आज सर्वाधिक चालणारी घडण म्हणजे गोल ब्रिलियंट. तिला ५७ पैलू असतात. माथ्यावर एक मोठा सपाट पैलू असतो, त्याला टेबल म्हणतात. टेबलाभोवती उतरत्या भागावर ३२ पैलू असतात आणि या वरच्या भागाला क्राउन हे नाव आहे. मधल्या कडेला गर्डल म्हणतात, म्हणजे हिऱ्याची कंबर. कमरेखाली निमुळत्या होत गेलेल्या भागाला, म्हणजे पॅव्हिलियनला, २४ पैलू. अगदी टोकाला बारीकसा सपाट पैलू ठेवला तर एकूण ५८.

अँटवर्पच्या हिरेकारागीर घराण्यातील मार्सेल टोल्कोव्स्की या तरुणाने १९१९ साली या घडणीचे गणित मांडले. पॅव्हिलियनचे मुख्य पैलू कमरेच्या पातळीशी ४०.७५ अंशांचा आणि क्राउनचे मुख्य पैलू ३४.५ अंशांचा कोन करतील, टेबलाची रुंदी हिऱ्याच्या व्यासाच्या ५३ टक्के असेल, तर उजळपणा आणि रंग यांचा चांगला मेळ बसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आजचे कारागीर या आकड्यांच्या थोडे अलीकडे-पलीकडे जातात, पण पाया तोच आहे.

आता टेबलावर सरळ वरून पडलेल्या एका किरणाचा पाठलाग करू. तो न वळता आत शिरतो आणि पॅव्हिलियनच्या पैलूवर ४०.७५ अंशांनी आदळतो. २४.४ च्या मर्यादेपेक्षा हा कोन बराच मोठा, त्यामुळे बाहेरची वाट बंद. किरण आडवा वळून समोरच्या पैलूवर जातो. तिथे कोन होतो सुमारे ५८ अंश. तिथूनही सुटका नाही. आता तो वर वळतो आणि टेबलावर पोचतो तेव्हा लंबाशी फक्त १७ अंशांवर असतो. १७ हे २४.४ पेक्षा कमी, म्हणून इथे मात्र दार उघडे. किरण बाहेर पडतो तो ४५ अंशांनी झुकून, पाहणाऱ्याच्या बाजूला. समोरासमोर तिरपे लावलेले दोन आरसे जे काम करतात ते इथे कुठलाही पारा न लावलेले दोन पैलू करतात.

नेमक्या याच मापांनी साधी काच घडवली तर काय होईल? पहिल्याच पैलूवर किरण ४०.७५ अंशांनी आदळेल आणि काचेची मर्यादा आहे सुमारे ४१. किरण मर्यादेच्या आत आला, म्हणून प्रकाश तळातून निसटू लागतो आणि खडा जरा कलला की आणखी निसटतो. म्हणूनच काचेच्या खड्यांना पाठीमागे चकचकीत पन्नी लावावी लागते. कुंदन-पोलकीच्या कामात तर खऱ्या हिऱ्याच्या चपट्या पातळ खपल्यांमागेही वर्ख असतो, कारण चपट्या खड्याला तळाचे उतरते पैलूच नसतात.

खऱ्या हिऱ्यातही कोन चुकला तर हीच गत. पॅव्हिलियन फार उथळ झाला तर कमरेच्या कडेचे प्रतिबिंब टेबलाखाली पांढुरक्या वर्तुळासारखे दिसते. त्याला व्यापारात माशाचा डोळा म्हणतात. पॅव्हिलियन फार खोल गेला तर मध्यभागी काळोख दाटतो. दोन-तीन अंशांचा फरक, पण उत्तम प्रतीच्या, निर्मळ, रंगहीन हिऱ्याचे तेज तेवढ्याने जाते.

त्र्यंबकेश्वरचा हिरा

घडणीने हिऱ्याचे काय होते याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. त्र्यंबकेश्वराच्या मंदिराशी नाव जोडलेला, जगात नासक या नावाने ओळखला जाणारा हिरा गोवळकोंड्याच्या खाणींतला. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात दुसऱ्या बाजीरावाचा पाडाव झाला आणि १८१८ मध्ये हा हिरा इंग्रजांच्या हाती पडून लंडनला गेला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरेट होते. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम, तेव्हा सुमारे १८ ग्रॅम. त्याची घडण हिंदी पद्धतीची होती. ती वजन राखणारी होती, प्रकाश परत करण्यासाठी आखलेली नव्हती.

ही पद्धत अज्ञानातून आलेली नव्हती. तिच्यामागे मूल्यांचा वेगळा हिशेब होता. टॅव्हर्निएने खाणीवरच्या कारागिरांचे काम पाहून लिहिले आहे की खडा निर्मळ असेल तर ते चाकाला वरून-खालून जेमतेम टेकवतात, वजन घटेल या भीतीने आकार देत नाहीत. खड्यात डाग, चीर किंवा काळे-तांबडे कण असतील तर मात्र ते दोष झाकण्यासाठी खडाभर बारीक पैलू पाडतात. त्या काळी इथे हिरा म्हणजे आकार, निर्मळता आणि दैवी सामर्थ्य. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही उत्तम हिरा कोणता हे सांगताना त्याचा मोठेपणा, जडपणा, आघात सोसण्याची ताकद, सारख्या कडा आणि तेज हे सगळे एका ओळीने येते. तेज हा अनेक गुणांपैकी एक. युरोपात पुढे हाच एक गुण इतर सर्वांच्या वर जाऊन बसला.

लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने नासक पुन्हा घडवला. त्यांनी त्याचा मूळचा त्रिकोणी घाट बराचसा ठेवला आणि वजन सुमारे ८० कॅरेटवर आले. पुढे तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसच्या घराण्यात गेला. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो विकत घेतला आणि पुन्हा एकदा घडवून एमराल्ड आकाराचा, आयताकृती केला. उरले ४३.३८ कॅरेट. त्र्यंबकेश्वराच्या हिऱ्याचे निम्म्याहून अधिक वजन भुकटी आणि तुकड्यांत गेले. त्या बदल्यात त्याला सुबक रेषा आणि तेज मिळाले. पण हिंदुस्थानच्या कारागिरांनी त्याला जे रूप दिले होते ते कायमचे पुसले गेले, हीही हानीच आहे आणि ती तेजाच्या हिशेबात धरली पाहिजे.

टॅव्हर्निएने चौदाव्या लुईला विकलेल्या निळ्या हिऱ्याचेही असेच झाले. राजाच्या कारागिराने तो १६७३ मध्ये घडवला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ मध्ये तो चोरीला गेला. त्यातूनच पुढे घडलेला ४५.५२ कॅरेटचा होप हिरा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

कोहिनूर निस्तेज का दिसला?

घडणीइतकाच उजेड महत्त्वाचा आहे, याची जगाला जाहीर प्रचीती आली ती १८५१ साली. १ मे रोजी लंडनमध्ये महाप्रदर्शन सुरू झाले आणि क्रिस्टल पॅलेसमध्ये सोनेरी मुलाम्याच्या लोखंडी पिंजऱ्यात कोहिनूर ठेवण्यात आला. लाहोरच्या खजिन्यातून नुकताच आलेला, आजच्या मापाने सुमारे १९१ कॅरेटचा हिरा पाहायला लोकांची रीघ लागली आणि ते निराश होऊन परतू लागले. काचेच्या तुकड्यापेक्षा हा वेगळा तो काय, असा सूर उमटला.

दोन कारणे एकत्र आली होती. कोहिनूरची घडण मोगली होती : खाली रुंद, सपाट तळ आणि वर पुष्कळ बारीक पैलू. आत गेलेला बराच प्रकाश तळातून निसटून जात होता. दुसरे कारण म्हणजे ती इमारतच. छत आणि भिंती काचेच्या, त्यामुळे आत सगळीकडून सारखाच, पसरलेला उजेड. अशा उजेडात झगमगायला काही उरतच नाही. आयोजकांनी मग हिऱ्याभोवती कापडाचा आडोसा केला, दिवसाचा उजेड अडवला, आत गॅसचे दिवे आणि आरसे लावले. कोहिनूर थोडा सुधारला. खडा तोच, घडण तीच, बदलला तो दिवा.

पुढच्या वर्षी, जुलै १८५२ मध्ये, अ‍ॅम्स्टरडॅमहून कारागीर बोलावून वाफेवर चालणाऱ्या चाकावर कोहिनूरला नवे पैलू पाडण्याचे काम सुरू झाले. काम ३८ दिवस चालले. शेवटी १०५.६ कॅरेट उरले. अंडाकृती ब्रिलियंट घडणीचा तो हिरा झगमगू लागला, पण वजनातली घट पाहून राणीचे पती आल्बर्ट नाराज झाले होते.

पसरलेला उजेड, टोकदार उजेड

हिऱ्याच्या तेजाचे तीन भाग पाडून पाहिले की उजेडाचा खेळ नीट कळतो. पहिला उजळपणा, म्हणजे परत आलेला एकूण पांढरा प्रकाश. दुसरा रंगांचा खेळ, ज्याला व्यापारात फायर म्हणतात. तिसरा झगमगाट, म्हणजे हिरा, दिवा किंवा डोळा हलला की पैलूंवर उजेड-काळोखाची होणारी झपाट्याची अदलाबदल.

रंग येतात कुठून? हिऱ्यात प्रत्येक रंगाचा किरण थोडा वेगळा वळतो. लाल प्रकाशासाठी हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४०७ आहे, तर जांभळ्यासाठी २.४५१. फरक फक्त ०.०४४, पण साध्या काचेच्या मानाने तो पुष्कळ मोठा आहे. बाहेर पडताना पांढऱ्या किरणाचा रंगीत पंखा होतो. डोळ्याची बाहुली त्या पंख्याच्या एखाद्याच पट्ट्यात आली तर आपल्याला लाल, हिरवी किंवा निळी ठिणगी दिसते. हिरा हातभर लांब धरला की ठिणग्या अधिक सुटतात, कारण अंतर वाढले की पंखा अधिक फाकतो.

आता दिवा मोठा असेल, म्हणजे अख्खे छत उजळणारे पॅनेल, ट्यूबलाइट किंवा ढगाळ आकाश, तर त्याच्या प्रत्येक बिंदूपासून असा एकेक पंखा निघतो. एका पंख्याचा लाल दुसऱ्याच्या निळ्यावर आणि तिसऱ्याच्या हिरव्यावर पडतो, सगळे मिसळून पुन्हा पांढरेच. म्हणून आषाढातल्या ढगाळ दुपारी उत्तम हिरा उजळ दिसतो, पण रंग उधळत नाही. उलट दिवा लहान, तीव्र आणि दूर असेल, म्हणजे समईची ज्योत, मेणबत्ती किंवा बारीक एलईडी, तर पंखे एकमेकांत मिसळत नाहीत आणि ठिणग्या सुट्या दिसतात. ज्योत थरथरत असेल तर हिरा न हलवताही झगमगतो. देवघरात समईसमोर बसलेल्या आजीच्या कानांतल्या हिऱ्याच्या कुड्या जशा लखलखत, तशा त्या ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली लखलखत नाहीत, हे पुष्कळ घरांतल्या बायकांनी पाहिलेले आहे. जुन्या घडणीतल्या हिऱ्यांचे पैलू मोठे असत. मंद ज्योतीत मोठा पैलू मोठी, संथ झळाळी देतो. विजेच्या प्रखर दिव्यांसाठी बारीक पैलूंची घडण अधिक शोभते.

भर उन्हाची गंमत वेगळी. सूर्य हा तीव्र आणि टोकदार दिवा, म्हणून रंगांच्या ठिणग्या भरपूर उडतात. पण उन्हात डोळ्याची बाहुली आकसते, आणि त्या तीव्र ठिणग्यांपुढे उरलेला खडा काळपट भासतो. मे महिन्यातल्या नंदुरबारच्या टळटळीत दुपारी हिरा म्हणूनच अर्धा अंधारलेला दिसतो. तोच हिरा कडुलिंबाखाली नेला की खुलतो. पानांच्या फटींतून उन्हाचे अनेक लहान कवडसे येतात आणि मधे सावलीही असते. झगमगाटाला उजेड लागतो तितकाच उजेडाच्या शेजारी काळोखही लागतो. टॅव्हर्निएच्या काळातले पारखी झाडाखाली जात ते निळी झाक शोधायला, पण हिऱ्याचे पूर्ण रूप पाहायलाही ती जागा उत्तम आहे.

त्या निळ्या झाकेबद्दलही थोडे. दर १०० हिऱ्यांपैकी साधारण २५ ते ३५ हिरे अतिनील किरणांत स्वतः मंद चमकतात, बहुतेक निळे. उन्हात अतिनील किरण असतात, घरातल्या एलईडीत जवळजवळ नसतात. म्हणून असा हिरा दुकानात एका रंगाचा आणि अंगणात किंचित निळसर दिसू शकतो.

दागिन्यांच्या दुकानात शिरताच सगळेच खडे झळकू लागतात, त्याचे कारण आता उघड आहे. छतातून अनेक बारीक, तीव्र, पांढरे दिवे काचेच्या कपाटांवर रोखलेले असतात. असे दिवे रंगांच्या ठिणग्या उडवतातच, शिवाय थंड पांढऱ्या उजेडात खड्याची पिवळसर छटाही दबते. प्रयोगशाळेत प्रत ठरवताना म्हणूनच हिऱ्याचा रंग पसरलेल्या, दिवसासारख्या उजेडात पांढऱ्या पार्श्वभूमीवर तपासतात.

तापीच्या खालच्या अंगाला

नंदुरबारहून तापी-खोरे रेल्वेने निघाले की नवापूर, व्यारा, बारडोली करत सुरत येते. प्रकाशा आणि सारंगखेड्याला काठाने भेटणारी तापी उकाईच्या धरणातून पुढे त्याच शहराला जाते. संख्येच्या हिशेबाने जगातल्या दर दहांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना या शहरात आणि त्याच्या आसपास पैलू पडतात. टॅव्हर्निए ज्या बंदरातून कच्च्या हिऱ्यांच्या शोधात निघाला, त्याच शहरात आता जगभरातले कच्चे हिरे घडायला येतात.

कारखान्यात ज्या यंत्राभोवती कारागीर बसतात त्याला घंटी म्हणतात. तिच्यावर मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेणारी लोखंडी चकती असते, तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी तिला चोपडलेली असते. हिरा घासायला हिऱ्याशिवाय दुसरे काही चालत नाही. टॅव्हर्निएने पाहिलेल्या चाकालाही तेल आणि हिऱ्याची भुकटीच लागत होती, फक्त ती चकती थाळीएवढी होती. हिरा सगळ्या दिशांनी सारखा कठीण नसतो. लाकडाला असतो तसा त्याला रोख असतो. योग्य दिशेने धरला तर घासला जातो, नाहीतर चकतीलाच चरे पडतात. कारागीर हिरा चकतीवर टेकवतो, क्षणात उचलतो, भिंगातून पाहतो, पुन्हा टेकवतो. एका पैलूसाठी हे किती वेळा करायचे, हे त्याचा हात आणि कान ठरवतात, कारण रोख बरोबर आहे की नाही हे घासण्याच्या आवाजावरूनही कळते.

आज कच्च्या खड्याचे आधी संगणकावर त्रिमितीय चित्र काढतात, कुठून कापला तर किती वजन वाचेल याचा हिशेब होतो आणि लेझरने काप जातो. तरीही गोल ब्रिलियंट घडवताना कच्च्या हिऱ्याचे निम्मे किंवा त्याहून अधिक वजन जाते. इथेच मोह उभा राहतो. एक कॅरेट पूर्ण भरलेल्या हिऱ्याचा भाव ०.९५ कॅरेटच्या हिऱ्यापेक्षा एकदम चढा असतो. मग कंबर जाड ठेवून किंवा तळ खोल ठेवून वजन राखले जाते. नीट घडलेला एक कॅरेटचा गोल हिरा वरून सुमारे ६.४ ते ६.५ मिलिमीटर व्यासाचा दिसतो. खोल घडवलेला त्याच वजनाचा हिरा व्यासाने लहान आणि तेजानेही कमी असतो. ग्राहक अधिक पैसे मोजतो ते अशा वजनाचे, जे डोळ्यांना दिसतच नाही.

चमक म्हणजे खरेपणा नव्हे

चमक पाहून हिरा खरा की खोटा हे ठरवू नये. बाजारात अमेरिकन डायमंड म्हणून मिळणाऱ्या झिर्कोनियाचा अपवर्तनांक २.१५ ते २.१८ आहे, हिऱ्यापेक्षा कमी. पण रंग फाकवण्याची त्याची ताकद सुमारे ०.०६, म्हणजे हिऱ्यापेक्षा जास्त. मोइसनाइट तर २.६५ आणि ०.१०४ या आकड्यांनी दोन्ही बाबतींत हिऱ्याच्या पुढे आहे. जत्रेतल्या दिव्यांखाली अतिशय रंगीत ठिणग्या टाकणारा खडा त्यामुळेच हिरा नसण्याचा संभव अधिक. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र कार्बनचाच, त्याच रचनेचा. त्याचा अपवर्तनांक तोच, तेजही तेच. खाणीतला आणि प्रयोगशाळेतला हिरा डोळ्यांनी किंवा दिव्याने वेगळा करता येत नाही, त्यासाठी उपकरणे लागतात. म्हणून खरेदीत प्रमाणपत्राला पर्याय नाही.

तेज जाण्याचे सर्वांत साधे कारण मात्र घरातच असते. हिऱ्याला तेलकटपणा ओढून धरण्याची खोड आहे. खाणींत हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेली मेजे वापरत ती याच गुणामुळे. अंगठीच्या पाठीमागे खोबरेल, साबण आणि पिठाचा थर बसला की हिऱ्याला बाहेर हवेऐवजी तेल भेटते आणि प्रकाश कोंडण्याची मर्यादा २४.४ अंशांवरून सुमारे ३७ अंशांवर जाते. दार रुंद होते, प्रकाश तळातून निसटतो. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने खड्याची मागची बाजू घासली की टोल्कोव्स्कीचे गणित पुन्हा लागू होते.

घेताना

हिरा घ्यायचा असेल तर आधी घडणीची प्रत विचारा, वजन नंतर. गोल हिऱ्यांसाठी जीआयए ही संस्था २००६ पासून घडणीची पाच पायऱ्यांत प्रत देते. तिच्या प्रमाणपत्रावर क्राउन आणि पॅव्हिलियनचे कोन, टेबलाची रुंदी आणि कमरेची जाडी छापलेली असते. पॅव्हिलियनचा कोन ४१ अंशांच्या आसपास आहे का, कंबर फार जाड तर नाही ना, हे पाहायला जवाहिऱ्या असावे लागत नाही. मग खडा कपाटावरच्या दिव्यांखालून बाहेर काढायला सांगा. तो दुकानाच्या दाराशी सावलीत पाहा, ट्यूबलाइटखाली पाहा, एखाद्याच लहान दिव्यासमोर हातभर लांब धरून हळू हलवून पाहा. तिन्ही ठिकाणी मध्यभाग उजळ राहिला, कुठे मेलेला काळा डाग दिसला नाही, तर घडण चांगली आहे. ०.९ कॅरेटचा नीट घडलेला हिरा एक कॅरेटच्या बेढब हिऱ्यापेक्षा अधिक तेजस्वी असतो आणि भावानेही कमी. घरातल्या जुन्या कुड्या किंवा अंगठी मोडून नव्या घडणीचे हिरे घेण्याआधी त्या एकदा स्वच्छ धुवा आणि ज्योतीपुढे धरून पाहा. त्या ज्या उजेडासाठी घडवल्या होत्या, त्या उजेडात पाहिल्याशिवाय त्यांच्या तेजाचा निवाडा करू नका.